पाचट, ओढा आणि गुंठा: शेतातलं पाणी तुंबतं तेव्हा जबाबदारी कुणाची?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं वेळापूर महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे माहीत आहे. एक म्हणजे अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन मंदिर आणि दुसरी म्हणजे आषाढात इथे मुक्कामाला येणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी. पालखी गावात येण्याआधी होणारा वेळापूरचा धावा पाहायला लांबून लोक येतात. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत मात्र गावाचा संसार चालतो तो शेतीवर. नीरा उजव्या कालव्यानं तालुक्याच्या मोठ्या भागात पाणी आणलं आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहिला.

या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं आणि आग शेजारच्या उभ्या उसात गेली. दुसरी, वरच्या शेतकऱ्यानं बांध घातला किंवा ओढा बुजवला आणि पाणी खालच्याच्या रानात तुंबलं. तिसरी, गावाला लागून असलेली काळी जमीन गुंठ्या-गुंठ्यानं विकली गेली आणि तिथलं सांडपाणी, पावसाचं पाणी पिकात शिरलं.

पहिली तक्रार कृषी खात्याकडे जाते, दुसरी तहसीलदारांकडे आणि तिसरी ग्रामपंचायतीत. शेतात मात्र या तिन्ही गोष्टी एकाच पाण्याच्या वाटेवर घडतात. त्यातलं काय ग्रामपंचायतीच्या हातात आहे, काय महसूल खात्याच्या हातात आहे आणि शेतकऱ्यानं नेमकं कुठे जायचं, हे समजून घेऊया.

तीन प्रश्न एकमेकांना जोडलेले कसे?

आधी थोडा हिशोब. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एकरावर सुमारे दोन लाख लिटर पाणी येतं. शंभर एकरांवर दोन कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजायचं तर हे दोन हजार टँकर झाले. सोलापूर पर्जन्यछायेतला जिल्हा असला, तरी परतीच्या पावसात ५० मिलिमीटर एका रात्रीत पडणं इथे नवीन नाही.

या पाण्याचं काय होतं, हे जमिनीवर ठरतं. जमिनीवर पाचटाचं आच्छादन असेल आणि मातीत सेंद्रिय कर्ब असेल, तर बरंचसं पाणी मुरतं. रान जळून उघडं पडलेलं असेल, तर थेंबांच्या माऱ्यानं वरची माती बसते आणि पाणी माती घेऊन वाहतं. ती माती ओढ्यात जाऊन साठते. ओढ्याचं पात्र उथळ झालं की पुढच्या पावसात तेवढंच पाणी काठाबाहेर येतं. त्यात काठावर प्लॉट पडलेले असतील, तर पाण्याला पसरायलाही जागा उरत नाही. एका गुंठ्यावर छत आणि काँक्रीट आलं, की त्याच पावसाचं सुमारे पाच हजार लिटर पाणी जवळपास सगळंच वाहून बाहेर येतं.

शेतकरी पाचट का जाळतात?

यामागे अडाणीपणा नाही, अडचण आहे. ऊस तुटला की खोडवा लगेच धरायचा असतो. शेतात गुडघाभर पाचट पडलेलं असलं, तर सरीतून पाणी पुढे सरकत नाही. पाचटात उंदीर आणि साप होतात, ही भीती असते. पाचट गोळा करायला मजूर मिळत नाहीत आणि कुट्टी यंत्रासाठी ट्रॅक्टरवाल्याला पैसे मोजावे लागतात. काडीपेटी मात्र फुकटात काम करते.

कधी ऊस उभा असतानाच पेटवला जातो, कारण जळालेला ऊस तोडायला सोपा असतो. अशा उसाचं वजन आणि साखर लवकर घटते, म्हणून कारखाने जळीत उसाच्या दरात कपात करतात. त्याचा फटका शेवटी शेतकऱ्यालाच बसतो.

जाळल्यानं नेमकं काय जातं?

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट मिळतं. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, थोडं स्फुरद आणि जवळपास एक टक्क्यापर्यंत पालाश असतं. म्हणजे हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांमध्ये जेवढं नत्र असतं, साधारण तेवढं. पाचट पेटवल्यावर पालाशाचा बराचसा भाग राखेत उरतो, पण नत्र आणि कर्ब धुरावाटे निघून जातात. वरच्या थरातले उपयोगी जिवाणूही मरतात.

खोडव्यात पाचट ठेवायची पद्धत कृषी विद्यापीठं आणि साखर संस्था अनेक वर्षं सांगत आल्या आहेत. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबून बसवायचं किंवा त्याची कुट्टी करायची. दर टन पाचटावर साधारण ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायचं. युरिया टाकण्याचं कारण असं, की पाचटात कर्ब खूप आणि नत्र कमी असतं. कुजवणारे जिवाणू आपली नत्राची गरज मातीतून भागवायला लागले, तर खोडवा पिवळा पडतो. ‘पाचट ठेवलं आणि पीक बसलं’ असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा हीच पायरी गाळलेली असते.

पाचट जाळणं बेकायदा आहे का?

राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली दिल्लीभोवतालच्या राज्यांत पिकांचे अवशेष जाळायला मनाई केली आणि जमिनीच्या क्षेत्रानुसार दंड ठरवून दिला. पंजाब-हरियाणातल्या भाताच्या काडाच्या बातम्या येतात, त्या याच संदर्भात. हवा प्रदूषण कायदा १९८१ नुसार कुठलंही राज्य एखाद्या क्षेत्रात असं जाळणं बंद करू शकतं. ऊसपट्ट्यात मात्र दंडापेक्षा प्रबोधन आणि सोय यांवरच भर राहिला आहे.

त्याला कारणही आहे. दंड लावायचा, तर आग कुणी लावली हे आधी सिद्ध करावं लागतं. गावात सरपंच, तलाठी आणि शेतकरी एकमेकांच्या शेजारी राहतात. कुट्टी यंत्र वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्यानं मिळालं, तर जाळण्याचं मुख्य कारणच उरत नाही.

मग ग्रामपंचायतीची जबाबदारी कुठे सुरू होते?

७३ व्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे १९९३ पासून, पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत आले. त्यातला पहिलाच विषय शेती हा आहे. दुसऱ्यात जमीन सुधारणा आणि मृद्संधारण येतं, तर तिसऱ्यात लघुसिंचन, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास. कागदावर पाहिलं, तर वरच्या तिन्ही तक्रारी पंचायतीच्याच कक्षेत बसतात.

प्रत्यक्षात विषय दिले, पण अधिकार, माणसं आणि पैसा त्या प्रमाणात आला नाही. ग्रामपंचायत खासगी शेतातल्या पाचटाची मालक नाही. पण तिच्या हातात काही साधनं नक्की आहेत.

स्वच्छ भारत मिशनच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचरा आणि सांडपाणी यांसाठी माणशी निधी ठरवला गेला. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी २८० रुपये. त्याहून मोठ्या गावाला घनकचऱ्यासाठी ४५ आणि सांडपाण्यासाठी ६६० रुपये. शेण आणि शेतातल्या सेंद्रिय कचऱ्यापासून गॅस व खत करण्यासाठी २०१८ ची गोबरधन योजनाही याच मोहिमेत येते.

याहून स्वस्त उपाय तर महाराष्ट्रातच तयार झाला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांची, भोकं ठेवलेली दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच टाकी रूढ केली. त्यांच्याच नावावरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. पाचट, शेण आणि माती यांचे थर देऊन भरलेल्या या टाकीत तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. अशा टाक्यांची कामं रोजगार हमीतूनही झालेली आहेत.

ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर आणि औषधांच्या बाटल्यांचं काय?

हा शेतातला नवा कचरा आहे आणि तो कुजत नाही. फाटलेला मल्चिंग पेपर, जुन्या ठिबकच्या नळ्या, खतांच्या गोण्या बांधावर पडून राहतात आणि पावसात वाहत जाऊन मोरीच्या तोंडाशी अडकतात. चार नळ्या आणि एक मल्चिंग पेपर पाइपात बसला, की त्यावर वाहून आलेलं पाचट साचतं आणि मोरी बंद होते.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार ग्रामपंचायतींवरही प्लास्टिक वेगळं गोळा करण्याची जबाबदारी आली. त्याआधीचे नियम शहरांपुरते होते. शेतातल्या प्लास्टिकसाठी घंटागाडी रोज फिरवायची गरज नाही. हंगाम संपल्यावर ठरलेल्या दिवशी एका जागी गोळा करणं आणि भंगारवाल्याला देणं एवढं पुरतं. औषधांच्या रिकाम्या बाटल्या मात्र यात मिसळू नयेत. त्या तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं आणि बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे ती कुणी तेला-पाण्यासाठी वापरणार नाही. विहीर आणि ओढा यांच्याजवळ ती टाकायची नाही, जाळायचीही नाही.

ओढा कुणाच्या मालकीचा?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. सातबाऱ्याच्या हद्दीतून ओढा जातो म्हणून तो आपला, असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले आणि सार्वजनिक रस्ते, जिथे दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नाही तिथे, राज्य शासनाचे असतात. त्यावरचं अतिक्रमण हटवण्याचा अधिकार कलम ५० नुसार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. गावठाणातले रस्ते आणि मोकळ्या जागा यांवरचे अडथळे हटवण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नुसार ग्रामपंचायतीला आहे.

त्यामुळे गावातली गटार ग्रामपंचायतीची आणि शिवारातला ओढा महसूल खात्याचा, अशी ढोबळ विभागणी होते. एकाच पावसाचं पाणी गटारीतून ओढ्यात जाताना खातं बदलतं. ओढ्याची हद्द वादात असेल, तर गाव नकाशा पाहून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणं ही पहिली पायरी असते.

शेजाऱ्यानं पाणी अडवलं तर कुठे जायचं?

यासाठी एक जुना, पण अजूनही रोज वापरात असलेला कायदा आहे: मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६. शेतरस्ता अडवल्याच्या तक्रारींमुळे तो गावोगाव माहीत आहे. पण त्याच्या कलम ५ मध्ये पाण्याचाही उल्लेख आहे. शेतीच्या जमिनीवरून शेजारच्या जमिनीकडे नैसर्गिकपणे वाहणारं पाणी कुणी बेकायदा अडथळा घालून रोखलं आणि त्यामुळे शेताचं नुकसान झालं किंवा होण्याची शक्यता असली, तर तो अडथळा दूर करायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली, मुदत. अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. जूनमध्ये घातलेल्या बांधाची तक्रार पुढच्या जूनमध्ये केली, तर हा मार्ग बंद झालेला असतो. मग दिवाणी न्यायालय उरतं आणि तिथे वर्षं जातात.

दुसरी, पुरावा. पाण्याची वाट नैसर्गिक आहे, हे दाखवावं लागतं. गाव नकाशा, पाऊस चालू असतानाचे फोटो, लगतच्या शेतकऱ्यांचे जबाब आणि तहसीलदारांची स्थळ पाहणी यांवर निकाल ठरतो.

तिसरी, मर्यादा. हा कायदा बेकायदा अडथळ्याला लागू आहे. सरकारी मंजुरीनं झालेल्या रस्त्यामुळे पाणी अडलं असेल, तर तक्रार तो रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी लागते.

रस्ते झाले, पण पाण्याची वाट?

ही तिसरी गोष्ट या भागात महत्त्वाची आहे. वेळापूरवरून जाणाऱ्या संत ज्ञानेश्वर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. शेतापर्यंत जाणाऱ्या वाटांसाठी राज्य शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना त्याच वर्षी आली. रस्ते हवेतच. ऊस वेळेवर कारखान्यात जायचा तर पाणंद पक्की लागतेच.

पण भराव घातलेला प्रत्येक रस्ता हा पाण्याच्या दृष्टीनं बांधच असतो. पूर्वी पाणी पाणंदीवरून पसरून पलीकडे जायचं. रस्ता दोन फूट उंचावला की ते फक्त मोरीतून जाणार. मोरी लहान असेल किंवा चुकीच्या जागी असेल, तर वरच्या बाजूला तळं होतं आणि खालच्या बाजूला एकाच ठिकाणी जोरानं पडणारं पाणी माती उकरून नेतं. रस्त्याचं अंदाजपत्रक होण्याआधी लगतच्या शेतकऱ्यांसोबत पाण्याच्या वाटा चालून पाहिल्या, तर मोरीची जागा बरोबर येते. नंतर डांबर फोडून पाइप टाकायला दुप्पट खर्च लागतो.

पाऊस नसतानाही जमीन पाणथळ का होते?

पाणी वाहून जायची वाट बंद झाली, की दुसरं संकट जमिनीखालून येतं. काळ्या, खोल जमिनीत निचरा आधीच सावकाश होतो. वर्षभर उसाला मोकाट पाणी दिलं, की जमिनीतल्या पाण्याची पातळी चढते. ते पाणी बाष्प होऊन उडतं आणि सोबत आलेले क्षार वर साठतात. जमीन आधी खारवट होते, पुढे चोपण.

नीरेच्या खोऱ्याला हा अनुभव जुना आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि काही दशकांतच त्या भागात पाणथळ, खारवट जमिनींचा प्रश्न उभा राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर गट पद्धत आणली. गटाच्या एका भागातच ऊस आणि उरलेल्या क्षेत्रात कमी पाण्याची पिकं, असं फेरपालटाचं सूत्र त्यात होतं. पाणी जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोचावं आणि जमीनही टिकावी, हा त्यामागचा विचार होता.

आज उपाय दोन दिशांनी करावे लागतात. पाणी कमी द्यायचं, म्हणजे ठिबक. आणि जादा पाणी बाहेर काढायचं, म्हणजे चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा. पण एकट्या शेतकऱ्यानं चर खोदून उपयोग होत नाही. चराचं पाणी शेवटी ओढ्यात पडायला हवं, आणि ओढाच गाळानं भरलेला असेल तर ते परत शेतात येतं.

शेतजमीन वाचवायची जबाबदारी कुणाची?

शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी किमान क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवलं गेलं. दुसरीकडे बिगरशेतीची वाट सोपी होत गेली. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली, विकासयोग्य विभागातली जमीन रूपांतर कर व आकारणी भरली की निवासी वापरासाठी बिगरशेती मानण्याची तरतूद महसूल अधिनियमात आली. गावाला घरं लागतात, हे खरंच आहे. अडचण एवढीच, की गावालगतची जमीन अनेकदा ओढ्याकाठची आणि चांगल्यातली चांगली असते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यानं १९८८ पासून वेगळा मार्ग धरला. तिथे सरकार शेतकऱ्याला पैसे देऊन त्याच्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क विकत घेतं. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पण पुढे कुणालाही तिथे प्लॉट पाडता येत नाही. आपल्याकडे अशी भरपाई नाही. त्यामुळे ‘जमीन विकू नका’ असं सांगणं सोपं आणि पाळणं अवघड होतं.

वेळापूरच्या शेजारीच दुसरा फरक दिसतो. २०२१ मध्ये अकलूजला नगरपरिषद, तर नातेपुते आणि महाळुंग-श्रीपूर इथे नगरपंचायत झाली. नागरी संस्थेला स्वतःचा विकास आराखडा करता येतो आणि कचऱ्याचे कडक नियम लागू होतात. वेळापूरसारखी मोठी बाजारपेठ असलेली ग्रामपंचायत मात्र गावाच्या साधनांत जवळपास शहराएवढा व्याप सांभाळते.

हे सगळं जुळवायचं कुठे?

ग्रामपंचायत विकास आराखड्यात. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. महाराष्ट्रात या अनुदानाचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना मिळाला. म्हणजे पावसाच्या पाण्याचं काम ‘आमच्या हेडमध्ये बसत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही.

वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. त्यांच्या वेळा कामांशी जुळवल्या तर फरक पडतो. गळीत हंगामाआधी कुट्टी यंत्रांचं भाडं आणि पाळी ठरवता येते. उन्हाळ्यात गाव नकाशावर ओढे, मोऱ्या आणि बंद झालेल्या वाटा खुणावून त्याची यादी तहसीलदारांकडे देता येते. मोऱ्या साफ करायचं काम मात्र मे महिन्यातच संपायला हवं. जूनमध्ये गावाचं सगळं लक्ष आणि माणूसबळ वारीच्या तयारीकडे जातं आणि ते योग्यच आहे.

उशीर झाला तर किंमत काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं माढा, मोहोळ, करमाळा भागातली शेतं नुसती बुडाली नाहीत, तर मातीसकट खरडून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं जाहीर केलेल्या मदतीत खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं होती. वाहून गेलेली माती पुन्हा भरायला किती लागतं, याची सरकारनंच केलेली ही मोजदाद आहे.

एवढा मोठा पूर गावपातळीवरच्या मोऱ्या साफ करून थांबला नसता. पण दरवर्षीच्या साध्या वळवात आणि परतीच्या पावसात जी माती थोडी थोडी जाते, ती थांबवणं गावाच्या आवाक्यात आहे. वळवाच्या पहिल्या सरीत आपल्या बांधावर उभं राहून पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं ते पाहिलं, फोटो काढला आणि तारीख लिहून ठेवली, तर ग्रामसभेच्या ठरावाला आणि तहसीलदारांकडच्या अर्जाला लागणारा पहिला पुरावा तयार झालेला असतो. त्यानंतर हातात सहा महिने असतात.